जुनी पद्मिनी घरी दुरुस्त करताना: नागपूरच्या ऋतूंप्रमाणे कामाची आखणी

नागपुरात गाडीच्या उघड्या पत्र्याचे काम करायचे असेल तर एप्रिल आणि मे हे दोनच महिने पूर्ण भरवशाचे आहेत. या दिवसांत हवेतला ओलावा इतका कमी असतो की पॉलिश पेपरने घासलेला पत्रा दोन दिवस तसाच ठेवला तरी पांढरा राहतो. हाच पत्रा जुलैमध्ये सकाळी घासला तर संध्याकाळी त्यावरून हात फिरवताच बोटांना तांबूस भुकटी लागते. घरी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याने आपल्या कामाचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती बसवावा, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या वडिलांची १९७९ची प्रीमिअर पद्मिनी त्रिमूर्तीनगरातील आमच्या पोर्चमध्ये अकरा वर्षे विटांवर उभी होती. ती दुरुस्त करायला घेतली तेव्हा पहिल्या वर्षी मी जूनच्या आरंभी रंग खरवडला आणि पावसाळाभर रोज नव्याने येणारा गंज पुसत बसलो. दुसऱ्या वर्षी क्रम बदलला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहणी, कागदपत्रे आणि खोलणे, एप्रिल-मेमध्ये पत्रा, पावसाळ्यात शेडखाली बसून ब्रेक, इंजिन आणि वायरिंग, दसऱ्यानंतर रंग, आणि संक्रांतीच्या सुमारास पहिली फेरी. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने केले आहे.

पद्मिनीच का

घरी काम शिकण्यासाठी पद्मिनीइतकी समजूतदार गाडी दुसरी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमिअर पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, एक कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, एवढाच तिचा संसार आहे. बोनेट उघडले की प्रत्येक भाग दिसतो आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोहोचतो.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालला आहे. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग वर्षानुवर्षे बाजारात राहिले; ३० ऑक्टोबर २०२३पासून तिथे पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची थांबली आणि ती मागणीही संपली. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत काश्मिरी गेट येथे अजून पुष्कळ माल मिळतो. तरीही गाडीचा मूळ भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो टाकून देऊ नये. मूळ दाराची कडी घासूनपुसून पुन्हा बसवली तर ती नव्या नकलेपेक्षा नेमकी बसते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

पाहणी: स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक आणि दोन निवांत दुपारी

पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा आहे, आणि म्हणून गंज कुठे आहे यावर गाडी दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही हे ठरते. मडगार्डला भोक असेल तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. दारांखालची लांब पोकळ पेटी, तळाचा पत्रा, मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात ती जागा कुजली असेल, तर तो जिवाचा प्रश्न आहे.

पाहणी करताना सर्व सीट आणि पायदाणे काढून खालचा नमदा उचलावा. बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून या नमद्यात मुरते आणि तळाचा पत्रा आतून कुजतो, बाहेरून मात्र काळा डांबरी थर शाबूत दिसतो. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळावर आणि पेटीवर वीत-वीत अंतराने ठोकत जावे. चांगला पत्रा टणटणतो आणि कुजलेला थपथप वाजतो. असा आवाज आला की स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे; ते आत गेले तर तिथे खडूने गोल करावा. मग पातळ कापडात गुंडाळलेला लहान लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवावा. तो जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुटी, भरलेली आहे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीत चुंबक तळहाताएवढ्या जागेत अजिबात धरेना. पूर्वी कधीतरी एका कारागिराने गंज तसाच ठेवून वर जाळी आणि जवळजवळ बोटभर लांबी थापली होती, आणि तिच्या आड पत्रा आणखी वेगाने खाल्ला गेला होता.

गाडी विकत घेणार असाल तर नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीच्या सीटच्या पट्ट्यांखाली आणि हेडलाइटच्या वाटीत बारीक गाळ सापडतो आणि मागच्या डिफरन्शिअलचे ऑइल दुधाळ निघते. अशी गाडी घेऊच नये असे मी म्हणणार नाही, परंतु तिची किंमत वायरिंग आणि सगळी बेअरिंगे नवी धरूनच ठरवावी.

कागदपत्रे आधी, पाना नंतर

गाडीची नोंदणी सरळ होणार आहे याची खात्री होईपर्यंत एकही बोल्ट काढू नये. आरसी पुस्तिकेवरील इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर-अंकांनिशी जुळले पाहिजेत. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, खरेदी-विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. नागपुरात शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालये असून त्यांचे संकेत अनुक्रमे एमएच-३१, एमएच-४९ आणि एमएच-४० आहेत. एमएच मालिकेपूर्वीच्या जुन्या क्रमांकाच्या गाडीची माहिती परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर नसेल तर आधी तिची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी माहिती प्रणालीत भरणे, करून घ्यावी लागते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणीनंतर दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते २०२५ साली १०,००० रुपये करण्यात आले. हरित कर आणि उशिराचा दंड वेगळा धरावा. गाडीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झाली असतील आणि तिचे मूळ रूप कायम असेल, तर २०२१च्या नियमांनुसार तिला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक घेता येतो. त्याचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे चालते, मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात न्यायची इच्छा असेल त्याने साधी नोंदणीच कायम ठेवावी.

खोलणे

जागा पक्की, सपाट आणि सावलीची हवी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी स्टँड चारही बाजूंना लावून, गाडी हाताने हलवून पाहून, मगच आत जावे. विटा अथवा सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात, त्यांच्यावर विसंबू नये.

गाडी एकदम संपूर्ण खोलण्याचा मोह आवरावा. घरोघरी अर्धवट पडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची गत एकच झालेली असते: उत्साहात आठ दिवसांत सगळे सुटे केले, नंतर कोणता नट कुठला हे कोणालाच सांगता येईना. एक भाग काढण्यापूर्वी दुरून एक आणि जवळून दोन असे फोटो घ्यावेत, त्याचे नट-बोल्ट जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण पेनाची शाई ऑइलने पुसली जाते. दारांच्या बिजागऱ्यांखालच्या पातळ पत्र्या कोणत्या दाराच्या आणि किती होत्या हे वहीत नोंदवावे. त्या चुकल्या तर दार पुन्हा सरळ बसवताना अख्खा आठवडा जातो.

अडकलेल्या बोल्टवर जोर करू नये. गंज सोडवणारे तेल तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घालावे, मग बोल्ट सोडवण्यापूर्वी किंचित आवळून पाहावा. आवळताना गंजाची पकड मोडते आणि मग तो सुटतो.

पत्रा: एप्रिल आणि मे

कापण्यापूर्वी सर्व दारे जागेवर असू द्यावीत. दारांखालची पेटी कापली की सांगाडा मधोमध खचू शकतो आणि एकदा खचलेल्या स्थितीत नवी पेटी जोडली गेली तर दार जन्मभर ठोकूनच लावावे लागते. म्हणून गाडीचे वजन सस्पेन्शनच्या जागी तोलावे, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल तात्पुरता वेल्ड करावा, दाराच्या चारही बाजूंची फट मोजून लिहून ठेवावी आणि एका वेळी एकच बाजू कापावी.

कापताना गंज संपतो तिथे थांबू नये, त्यापुढे दोन-तीन सेंटीमीटर चांगला पत्रा लागेपर्यंत जावे. कागदाचा पुठ्ठा धरून ठिगळाचा नमुना कापावा आणि तो पत्र्यावर उतरवावा. इतवारीच्या लोहाओळीत पत्रा मिळतो. अंगासाठी २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा, योग्य ठरतो आणि पाट्यांच्या जागेसारख्या भार घेणाऱ्या ठिकाणी १८ गेजचा घ्यावा. गंजलेल्या पत्र्यावर वरून ठिगळ चढवणे ही पद्धत सर्रास चालते, पण ती मला मान्य नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये राहिलेला गंज आणि ओलावा दोन पावसाळ्यांत नवा पत्राही खातो.

वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर कारागीर घरी बोलवावा, पण गॅस वेल्डिंगऐवजी मिग वेल्डिंगचा (विजेवर, तारेने होणाऱ्या वेल्डिंगचा) आग्रह धरावा, कारण गॅसच्या आचेने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. सलग शिवण न घालता एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, असे टाके देत जावे आणि मधल्या जागा पत्रा गार झाल्यावर भराव्यात. त्यापूर्वी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी गाडीतून काढून दूर ठेवलेली असावी, तळाचा डांबरी थर खरवडलेला असावा आणि अग्निशामक सिलिंडर व पाण्याची बादली हाताशी असावी. हा डांबरी थर पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने धुमसतो आणि काम करणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून वेल्डिंग चालू असताना आतून पाहणारा दुसरा माणूस हवाच.

लहान लोखंडी भागांचा गंज काढण्याचा स्वस्त आणि सौम्य उपाय म्हणजे लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट रात्रभर बुडवून ठेवावेत. सकाळी ते राखाडी रंगाचे निघतात. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, उन्हात कोरडे करून त्यांवर प्रायमर मारावा. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचा मुलामा असलेले भाग या पाण्यात घालू नयेत.

जुना रंग कोरडा घासू नये. त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून वॉटर पेपरने पाणी लावून घासावे, तोंडावर चांगला मास्क असावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर मारावा. मे संपण्यापूर्वी सर्व पत्रा इपॉक्सीखाली गेलेला असला की पावसाळ्याची चिंता उरत नाही.

ब्रेक आणि चाके: पावसाळ्याचे पहिले काम

इंजिन सुरू होण्याचा आनंद मोठा असतो हे मला मान्य आहे, तरीही ब्रेक आधी करावेत. चालणारे इंजिन आणि न चालणारे ब्रेक अशा अवस्थेत गाडी फाटकापर्यंत नेऊन पाहण्याची इच्छा कोणालाच आवरत नाही, आणि अपघात तिथेच होतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये आणि तिच्यावर हवेचा पाइपही धरू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरांतील रबरे कडक झालेली असतात, तेव्हा ती सरसकट बदलावीत. सिलिंडरच्या आत नख फिरवून पाहावे. नखाला खड्डा लागला तर नुसती रबरे घालून उपयोग नाही, सिलिंडर बदलावा. रबरी होजपाइप बाहेरून चांगले दिसले तरी नवे घ्यावेत, कारण ते आतून फुगतात आणि मग ब्रेक दाबल्यावर चाक सुटत नाही. लोखंडी पाइप गंजले असतील तर त्याजागी साधे तांब्याचे पाइप वापरू नयेत. कंपनाने तांबे कडक होऊन तडकते.

ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचे, बंद डब्यातले घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात उघडलेला डबा दोन महिन्यांनी वापरू नये. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी. माझ्या गाडीत चारही चाके एकाच सर्किटवर आहेत. एका पाइपला गळती लागली तर चारही ब्रेक जातात, म्हणून प्रत्येक जोड दुसऱ्या दिवशी कोरड्या कागदाने पुसून पाहिला आणि मगच पुढे गेलो.

याच वेळी किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते तो खिळा), बुश आणि चाकांची बेअरिंगे पाहून घ्यावीत. टायरवर घासाचा विचार न करता त्याचे वय पाहावे. बाजूच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. १४१२ म्हणजे २०१२चा चौदावा आठवडा. असा टायर नक्षी कितीही खोल असली तरी रस्त्यावर आणू नये.

इंजिन

अनेक वर्षे बंद असलेल्या इंजिनाला स्टार्टर मारणे ही सर्वांत महागडी चूक आहे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडावे आणि चार दिवस थांबावे. मग पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवावे. पाव फेरी पुढे, पाव मागे, असे करत ते मोकळे होऊ द्यावे. धक्का देऊन फिरवल्यास चिकटलेली पिस्टन रिंग तुटते. मोकळे झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन खोलण्याची घाई करू नये. एका सिलिंडरचा आकडा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेड म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण) दोष आहे.

पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात इंजिन एकदा उकळले की हेड वाकते. हेड काढल्यावर त्यावर सरळ पोलादी पट्टी तिरपी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवावा. ०.१० मिलिमीटरची पाती सहज गेली तर हेड प्लेन करून घ्यावे, नाहीतर नवे गॅस्केट महिनाभरही टिकत नाही.

ब्लॉक बोरिंगला, म्हणजे सिलिंडर कातून मोठे करायला, द्यायचा असेल तर ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात असावेत. भाग मिळेल या आशेवर बोअर मोठे केले आणि त्या मापाचे पिस्टन मिळाले नाहीत तर ब्लॉक वाया जातो. दुसरी खबरदारी मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्कशॉपमधून परत आलेल्या माझ्या ब्लॉकमध्ये बेअरिंगच्या दोन कॅप अदलाबदल होऊन बसवल्या होत्या. कॅप आवळताच क्रँक हाताने फिरेना, तेव्हा ते लक्षात आले. तेव्हापासून कोणताही भाग बाहेर देण्यापूर्वी प्रत्येक कॅपवर आणि तिच्या जागेवर पंचने एक, दोन, तीन अशा खुणा करतो आणि फोटोसह कागदावर लिहून देतो.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्याने त्याचे रॉडिंग (नळ्या सळईने साफ करणे) आणि डाग देणे शहरात सहज होते. त्यात बोअरवेलचे पाणी मुळीच घालू नये. क्षार नळ्यांमध्ये थरावर थर धरतात. डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून वापरावे. आपल्याकडे गरमीचे कारण सांगून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची पद्धत आहे, तिला माझा विरोध आहे. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. तो काढण्याऐवजी तपासावा. मी स्वयंपाकघरातून एक जुने पातेले घेतले, त्यात पाणी आणि तारेला टांगलेला थर्मोस्टॅट सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. त्याच्या कडेला ८२ हा आकडा कोरलेला होता. ऐंशीपर्यंत काही हालचाल झाली नाही. नंतर मधली पितळी चकती केसाएवढी उचलली गेली, पाणी उकळेपर्यंत ती पूर्ण उघडली आणि गॅस बंद केल्यावर तितक्याच सावकाश मिटली. असा थर्मोस्टॅट चांगला समजावा. जो अर्धवट उघडतो तोच गाडी गरम करतो.

पेट्रोलची वाट

टाकी काढून पूर्ण रिकामी करावी आणि तिला आगीजवळ नेऊ नये; रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते. तिला भोक असले तरी घरी वेल्डिंग करण्याचा विचार सोडून द्यावा. आत मूठभर नट आणि लिंबूसत्त्वाचे पाणी घालून हलवावे, रात्रभर ठेवावे, धुवावे आणि ब्लोअरने पूर्ण वाळवावे.

आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि पद्मिनीची मूळ रबरे त्यासाठी बनलेली नाहीत. पंपाचा डायफ्राम, होजपाइप आणि कार्बोरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे घालावेत. इथेनॉल पाणी शोषत असल्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी तळाशी गंजते, म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी गाडी फिरवावी. उन्हाळ्यात सिग्नलवर थांबल्यावर गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल तर बहुधा इंजिनालगतच्या पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकलेली असते. पंपावर ओले फडके ठेवून वेळ निभावते, पण कायमचा उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरच्या नळीपासून दूर नेणे आणि पंपाखाली उष्णतारोधक जाड गॅस्केट घालणे.

वायरिंग

वायरींचे आवरण बोटाने वाकवताच तडकत असेल तर जोडजोडणी न करता संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करावा. जुना हार्नेस लाकडी फळीवर खिळ्यांनी ताणून बसवावा आणि त्याच्यावरच नवा, त्याच रंगांचा, बांधत जावा. दोन हेडलाइटचे ५५-५५ वॉटचे बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर वीज घेतात. एवढा भार जुन्या स्विचवर न टाकता रिले लावावा. काळोखातल्या प्रकाशाच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टपाशी संपतात, तेव्हा रंग देण्यापूर्वी अर्थिंगच्या जागा झाकून ठेवाव्यात.

रंग: दसऱ्यानंतर

रंग बदलायचा असेल तर आरसीवर त्याची नोंद करावी लागते. पण माझ्या मते मूळ रंगच द्यावा. तो कोणता होता हे डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या रबराखाली सापडते, कारण तिथे ऊन कधी पोहोचलेले नसते.

मे महिन्यात फवारणी केली तर थिनर पत्र्यावर पोहोचण्याआधीच उडते आणि रंग खरखरीत बसतो. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरट झाक येते. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ दोन्ही दोषांपासून मुक्त असतो. सकाळचे दव ओसरल्यावर अकरा ते तीन ही वेळ घ्यावी, जमीन ओली करून धूळ बसवावी आणि कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावावा. दिवाळीच्या आठवड्यात मात्र फवारणीची बंदूक हातात घेऊ नये, फटाक्यांची राख ओल्या रंगावर बसते.

इपॉक्सीवर लांबी जितकी पातळ तितकी चांगली; ती दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड लागत असेल तर पत्रा पुन्हा ठोकून सरळ करावा. लांबीवर सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर) आणि त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून लाकडी ठोकळ्यावर ३२० नंबरचा वॉटर पेपर फिरवावा. काळे ठिपके जिथे उरतात तिथे खळगा आहे आणि जिथे लगेच नाहीसे होतात तिथे उंचवटा. हे काम चार-चार वेळा करावे लागते आणि गाडीचे रूप इथेच ठरते. पुढे ६०० आणि ८०० नंबर फिरवून रंग द्यावा. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा घटक, फुप्फुसांना फार घातक आहे. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असल्याने योग्य श्वसनयंत्र नसेल तर हे काम रंगाच्या बूथमध्येच करून घ्यावे. घरी एनसी रंग देता येतो. त्याला जास्त थर आणि जास्त पॉलिश लागते, पण त्याची मऊ चमक या गाडीला शोभते.

रंग पक्का झाल्यावर दारांखालच्या पेट्यांत आणि दारांच्या आत पातळ मेणाचा फवारा सोडावा आणि पाणी वाहून जाण्याची तळाची भोके रंगाने बुजलेली नाहीत हे तारेने तपासावे.

पहिली फेरी

विमा, पीयूसी, नूतनीकरण आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ही चारही कामे झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांना महाराष्ट्रात ही प्लेट सक्तीची आहे. पहिले शंभर किलोमीटर घराच्या आसपासच घालवावेत आणि प्रत्येक फेरीनंतर चाकांचे ड्रम हाताने चाचपावेत. एखादा इतरांहून गरम लागला तर तो ब्रेक घासतो आहे. इंजिन नवे बांधले असेल तर ते पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासावेत. हे सर्व ठीक असेल तेव्हा रामटेकची, म्हणजे जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटरची, फेरी करावी आणि परतल्यावर प्लग काढून पाहावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे, काळे आणि काजळीचे असेल तर पेट्रोल जास्त आहे, पांढरे असेल तर कमी.

५०० किलोमीटर झाले की इंजिन ऑइल गरम असतानाच काढावे, ते पांढऱ्या ताटात ओतून उन्हात धरावे आणि कापडात गुंडाळलेला लोहचुंबक त्यातून फिरवावा. काळसर पीठ चिकटले तर ते नव्या रिंगा बसल्याचे लक्षण आहे. चमकणारे कण किंवा तांबूस चुरा दिसला तर त्याच दिवशी गाडी उभी करून संप, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उघडावा.